'वापरत राहणे' आणि 'वापरात असणे' : भू-माहिती तंत्रांच्या सातत्याविषयीच्या उपपत्तींची एक चिकित्सा

१

नवे तंत्र संस्थेत प्रथम कसे प्रवेश करते, ह्या प्रश्नाचा विचार सामाजिक शास्त्रांत दीर्घकाळ चालत आलेला आहे. प्रवेशानंतर ते तेथे कशामुळे टिकते, हा प्रश्न मात्र तुलनेने उशिरा स्वतंत्रपणे विचारला गेला. वस्तुतः दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. यंत्र विकत घेणे ही एका दिवसाची घटना असते. ते वर्षानुवर्षे चालविणे हा संस्थेच्या स्वभावाचा भाग व्हावा लागतो. नकाशे तयार करणाऱ्या आणि जागेशी निगडित माहिती साठविणाऱ्या तंत्रांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. अशा तंत्रांपासून पहिल्या दिवशी हाती काहीच लागत नाही. आधी नोंदी भराव्या लागतात, त्या तपासाव्या लागतात, आणि जमिनीची मालकी, वहिवाट व हद्द जसजशी बदलेल तसतशा त्या बदलत ठेवाव्या लागतात. हे काम मधेच थांबले तर आधीचा सारा खर्च वाया जातो. इतकेच नव्हे, तर शिळी नोंद खरी समजली जाऊन अनर्थ होण्याचा संभव असतो.

ह्या तंत्रांना येथे 'भू-माहिती तंत्रे' असे एकच नाव दिले आहे. त्यांच्या सातत्याची कारणे शोधताना अभ्यासक आज बहुधा एका ठरावीक प्रतिमानाचा आधार घेतात. जाणवलेली उपयुक्तता, अपेक्षापूर्ती आणि समाधान ही त्या प्रतिमानाची मूळ पदे होत. पदव्युत्तर प्रबंधांतील प्रश्नावल्या ह्याच पदांवर उभ्या असतात. ही पदे व्यक्तीला लागू पडतात. संस्थेला ती जशीच्या तशी लावली की अर्थ बदलतो, आणि तो बदल इंग्रजीतील एका सोयीस्कर नामामुळे झाकला जातो. हा बदल कोठे होतो आणि त्यामुळे निष्कर्षांत कोणता दोष शिरतो, ह्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. आयोवातील शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले, ह्याचा ब्राइस रायन व नील ग्रॉस ह्यांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्या परंपरेचे व्यवस्थित शास्त्र एव्हरेट रॉजर्स ह्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. शेतकरी स्वतः निर्णय घेतो, स्वतः बियाणे पेरतो आणि त्याचे फळ स्वतः भोगतो. म्हणजे निर्णयकर्ता, उपभोक्ता आणि फलभोक्ता ही तिन्ही माणसे तेथे एकच असतात. ही एकता पुढील सर्व उपपत्तींच्या मुळाशी न सांगता गृहीत राहिली.

फ्रेड डेव्हिस ह्यांनी १९८९ साली मांडलेल्या स्वीकार-प्रतिमानात जाणवलेली उपयुक्तता आणि जाणवलेली सुलभता ही दोन कारणे प्रमुख मानली गेली. तथापि स्वीकार आणि सातत्य ह्या भिन्न अवस्था आहेत, हे जाणून अनोल भट्टाचार्जी ह्यांनी २००१ साली सातत्याचे स्वतंत्र प्रतिमान सिद्ध केले. ग्राहकाच्या समाधानाविषयी रिचर्ड ऑलिव्हर ह्यांनी १९८० साली मांडलेला विचार त्यांनी आधारभूत घेतला. वस्तू वापरण्यापूर्वी माणसाच्या काही अपेक्षा असतात. वापरानंतर त्या पुऱ्या झाल्या की नाही हे त्याला कळते. त्यातून समाधान उत्पन्न होते. आणि समाधानातून पुढे वापरत राहण्याचा इरादा निर्माण होतो, असा हा क्रम आहे. भट्टाचार्जी ह्यांनी तो अमेरिकेतील एका मोठ्या बँकेच्या ऑनलाइन सेवेच्या ग्राहकांवर तपासला आणि समाधान हे सर्वांत प्रबळ कारण ठरले. २००७ साली लिमायेम, हर्ट व च्युंग ह्यांनी त्यात सवयीची भर घातली : सवय जडली की इराद्याचा प्रभाव क्षीण होतो, असे त्यांनी दाखविले.

ही विचारमाला सुबद्ध आहे आणि तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. बँकेच्या ग्राहकाला ती तंतोतंत लागू पडते. कारण ऑनलाइन सेवा त्याला न आवडल्यास तो ती सोडू शकतो. प्रश्न उत्पन्न होतो तो भूमापन कार्यालयातील लिपिकाविषयी. ज्या दिवशी हस्तलिखित नोंदवही बंद झाली त्या दिवसापासून त्याच्यापुढे सोडण्याचा मार्ग उरलेला नाही. त्याला जर विचारले की, 'आपण ही प्रणाली पुढेही वापरत राहाल काय?' तर तो 'होय' असे म्हणेल. त्या 'होय'मध्ये समाधान किती आणि सेवाशर्ती किती, हे प्रश्नावलीला कळण्यास मार्ग नाही.

ह्या अडचणीची जाणीव अभ्यासकांना झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यंकटेश व डेव्हिस ह्यांनी २००० साली स्वेच्छेचा घटक आपल्या विस्तारित प्रतिमानात समाविष्ट केला; वापर सक्तीचा असेल तेथे वरिष्ठांच्या व सहकाऱ्यांच्या मताचे वजन वाढते, असे त्यांना आढळले. परंतु तेथे सक्ती ही व्यक्तीच्या मनावर परिणाम करणारी एक बाह्य परिस्थिती म्हणून येते. विचाराचे केंद्र व्यक्तीचे मनच राहते. संस्था म्हणजे अशा अनेक मनांची बेरीज, ही समजूत कायम राहते.

३

इंग्रजीत ह्या विषयासाठी रूढ असलेले नाम 'सातत्य' ह्या मराठी शब्दासारखेच निर्विकार आहे. कोण सातत्य राखतो, स्वेच्छेने की निरुपायाने, हे त्यातून कळत नाही. नामाचे पुन्हा क्रियापद केले म्हणजे मराठीला एकाऐवजी अनेक वाक्ये करावी लागतात. त्यांपैकी चार येथे पाहू :

(अ) कार्यालय हा नकाशा वापरत राहते.
(आ) कार्यालयाला हा नकाशा वापरावा लागतो.
(इ) कार्यालय हा नकाशा वापरत आले आहे.
(ई) हा नकाशा कार्यालयात वापरात आहे.

पहिल्या वाक्यात 'कार्यालय' प्रथमेत आहे, क्रियापद त्याच्याशी जुळते, आणि 'राहणे' ह्या सहायक क्रियापदामुळे क्रिया थांबविता आली असती तरी ती चालू ठेवली, असा भाव येतो. भट्टाचार्जी ह्यांच्या प्रतिमानाचे वाक्य हेच होय. दुसऱ्या वाक्यात 'कार्यालय' चतुर्थीत गेले आणि क्रियापद 'नकाशा'शी जुळू लागले. कर्तृत्व सरकून बाहेरच्या कोणाकडे तरी गेले, पण तो कोण हे वाक्य सांगत नाही. पॉल डिमाजिओ व वॉल्टर पॉवेल ह्यांनी १९८३ साली संस्था एकमेकींसारख्या का होत जातात ह्याची तीन कारणे दिली : सक्ती, अनुकरण आणि व्यावसायिक संकेत. त्यांपैकी पहिल्याचे वाक्य हे आहे. तिसऱ्या वाक्यात भूतकाळाचा भार आहे. ते सवयीचे आणि पूर्वी निवडलेल्या वाटेने जखडले जाण्याचे वाक्य होय. टंकलेखनयंत्रावरील अक्षरांच्या मांडणीचे उदाहरण घेऊन पॉल डेव्हिड ह्यांनी १९८५ साली ज्या प्रक्रियेकडे लक्ष वेधले, तिचा आशय ह्या वाक्यात सामावतो.

चौथे वाक्य सर्वांहून निराळे आहे. तेथे 'नकाशा' हा कर्ता झाला आणि 'कार्यालय' सप्तमीत, म्हणजे केवळ अधिकरण म्हणून उरले. कोण वापरतो, त्याला आवडते की नाही, हे प्रश्नच वाक्यातून नाहीसे झाले. नकाशा वापरात आहे, एवढेच. रॉजर्स ह्यांनी संस्थांतर्गत स्वीकाराची जी शेवटची पायरी मानली तिचे लक्षण असे की, नवे तंत्र नित्यक्रमात विरघळून जाते आणि त्याची 'नवे' म्हणून वेगळी ओळख उरत नाही. चौथे वाक्य ह्या अवस्थेचे आहे. भू-माहिती तंत्रांचे दीर्घकालीन सातत्य प्रायः ह्या चौथ्या वाक्यात राहते, आणि प्रश्नावल्या मात्र पहिले वाक्य विचारतात.

व्याकरणावरून समाजशास्त्र सिद्ध होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मराठीत चार वाक्ये होतात म्हणून जगात चार प्रकारचे सातत्य असलेच पाहिजे, असा युक्तिवाद टिकणार नाही. व्याकरण एवढेच करते की, एका नामाखाली एकत्र झालेल्या गोष्टी वेगळ्या करून दाखविते. त्या खरोखर वेगळ्या आहेत की नाहीत, हे इतिहासानेच ठरवावयाचे.

४

असा इतिहास पाहण्यासाठी प्रथम संगणकीय भू-माहितीच्या जन्मकाळाकडे जाणे योग्य होईल. कारण तेथे जवळजवळ एकाच काळी आरंभलेल्या दोन प्रयत्नांची तुलना करता येते. कॅनडामध्ये १९६० च्या दशकात देशातील जमिनीची शेती, वने, वन्यजीवन व मनोरंजन ह्यांसाठी असलेली क्षमता नोंदविण्याचे मोठे काम सुरू झाले. त्यात सुमारे २५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र समाविष्ट झाले. एवढे नकाशे हाताने परस्परांवर ठेवून मोजणे अशक्य असल्यामुळे रॉजर टॉमलिन्सन ह्यांच्या नेतृत्वाखाली 'कॅनडा भौगोलिक माहिती प्रणाली' उभी करण्यात आली. त्याच दशकात, १९६५ साली, हॉवर्ड फिशर ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठात संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा स्थापन केली. तिच्या 'सायमॅप' ह्या आज्ञावलीने मुद्रणयंत्रावर अक्षरांवर अक्षरे छापून छायांकित नकाशे काढता येत.

हार्वर्डची प्रयोगशाळा कल्पकतेत कोठेही उणी नव्हती. पुढे भू-माहितीच्या व्यवसायात अग्रेसर ठरलेल्या एझ्री ह्या कंपनीचे एक संस्थापक जॅक डेंजरमंड हे तेथेच काम केलेले होते. सायमॅपचा प्रसारही पुष्कळ झाला. तरीही ती आज्ञावली मागे पडली आणि १९९१ साली प्रयोगशाळाही बंद झाली. कॅनडाची प्रणाली अवजड होती, तिला विलंब व खर्च पुष्कळ लागला. परंतु तिच्यात एका राष्ट्राच्या जमिनीची नोंद होती. मूळ यंत्रणा कालबाह्य झाल्यानंतरही तिच्या चुंबकीय फितींवरील माहिती नव्या माध्यमात उतरवून घेण्यात आली. सायमॅपमध्ये नकाशे काढले जात, पण कोणत्याही कार्यालयाचे दप्तर तिच्यात राहत नव्हते. तिच्या वापरणाऱ्यांचे समाधान कमी होते असे नव्हे. अधिक चांगले साधन मिळताच ते तिला सोडून जाऊ शकत होते, हा खरा फरक होता. रॉजर्स ह्यांच्या परिभाषेत त्याग दोन प्रकारचा असतो : अधिक चांगले साधन मिळाल्यामुळे होणारा आणि भ्रमनिरासामुळे होणारा. येथे पहिल्या प्रकारचा त्याग घडला. आणि नोंद जेथे गुंतलेली असते तेथे हाच त्याग सर्वांत कठीण असतो.

ह्यावरून एक तात्पुरता सिद्धान्त मांडता येईल. संस्थेत टिकते ती नोंद. तंत्र टिकते ते त्या नोंदीचे वसतिस्थान म्हणून. यंत्र बदलले तरी नोंद पुढे चालते, आणि नोंदीचा आधार नसलेले यंत्र कितीही आवडते असले तरी सुटते.

५

हा सिद्धान्त संगणकाच्या पूर्वीच्या काळाला लागू पडतो काय, हे पाहण्यास महाराष्ट्राचा भूमापन-इतिहास फार उपयोगी आहे. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनेत आर. के. प्रिंगल ह्यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोजणी व आकारणी केली. तिचा पाया रिकार्डोच्या खंडविषयक उपपत्तीवर घातलेला होता : प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा. बौद्धिक दृष्ट्या ही पद्धत अत्यंत आकर्षक होती. परंतु तिला लागणारे अंदाज विश्वासाने मिळविणे अशक्य ठरले, आकारणी जड झाली, आणि ती पद्धत काही वर्षांतच सोडून द्यावी लागली.

तिच्या जागी गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५–३६ साली इंदापूर तालुक्यापासून दुसरी पद्धत सुरू केली. तीत उपपत्तीचा डौल कमी होता. जमीन शेतवार मोजावी, प्रत्येक शेताला क्रमांक द्यावा, हद्दीच्या खुणा कराव्यात, जमिनीची प्रत आण्यांत ठरवावी, आणि सारा तीस वर्षांसाठी कायम करावा, असे तिचे स्वरूप होते. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला स्थिर रूप आले. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा जागेचा एक गुंठा. म्हणून गुंठ्याचे क्षेत्र १०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर.

प्रिंगल व विंगेट ह्यांच्या पद्धतींत यशापयशाचा जो भेद दिसतो तो समाधानाच्या भाषेत सांगता येईल काय? काही अंशी येईल. विंगेटची आकारणी सौम्य होती आणि रयतेला ती सुसह्य झाली. पण त्या पद्धतीचे पुढील पाऊणदोनशे वर्षांचे आयुष्य ह्यातून उलगडत नाही. ते उलगडते सर्व्हे नंबरातून. शेताला एकदा क्रमांक मिळाल्यावर खरेदीखत त्या क्रमांकाने होऊ लागले, गहाण त्या क्रमांकावर पडू लागले, न्यायालयातील दावे त्या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. सारा वसूल करण्यासाठी निर्माण केलेली खूण सावकार, वकील, भाऊबंद आणि शेजारी ह्या सर्वांची खूण झाली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण होऊन गट नंबर आले, तेव्हाही क्रमांकाने शेत ओळखण्याची रीत चालू राहिली.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटेल. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर ह्या मानात लिहिले जाते. पण बोलण्यात आणि सौद्यात गुंठाच चालतो. साखळी गेली, तिने घडविलेला शब्द राहिला. मोजणीदार आज उपग्रहांचे संकेत घेणारे रोव्हर हाती घेऊन बांधावर उभा राहतो, तरी वादग्रस्त हद्द ठरविताना त्याला जुने टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक ह्यांच्याकडे वळावे लागते. साधन नवे असते, प्रमाण जुने असते. सातत्य साधनात शोधणाऱ्याला येथे विच्छेद दिसेल. नोंदीत शोधणाऱ्याला अखंडता दिसेल.

६

हीच कसोटी आता संगणकीकृत भूमी-अभिलेखांना लावता येईल. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने १९८८–८९ साली भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक होता. योजनेच्या पहिल्या काळातील दोष सर्वश्रुत आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रमाण नोंद कागदावरच होती. संगणकात तिची प्रत होती. कागदावर फेरफार होत गेले आणि प्रत मागे पडत गेली. यंत्रे होती, प्रशिक्षण दिले गेले होते, उपयुक्तता सर्वांना मान्य होती. पण नोंदीचे घर दुसरीकडे होते.

कर्नाटकाने 'भूमी' ह्या प्रकल्पात हा दोष ओळखला. सुमारे ६७ लक्ष खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर घेण्यात आले, १७७ तालुक्यांच्या ठिकाणी ते देण्याची सोय झाली, आणि हस्तलिखित उतारे अमान्य ठरविण्यात आले. ह्या तीन गोष्टींपैकी निर्णायक तिसरी होती. तिने नोंदीचे घरच हलविले. त्यानंतर प्रकल्पाचा वापर चालू राहिला यात नवल नाही, आणि केवळ त्या वापराच्या संख्येवरून प्रकल्पाच्या यशाचे माप घेणे तर्कदुष्ट आहे. उतारा दुसरीकडे मिळतच नसेल तर रांगेतील माणसांची संख्या समाधान दाखवीत नाही. ती गरज दाखविते. सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या टीकेत असे प्रतिपादन केले की, नोंदींच्या केंद्रीकरणाचा लाभ बंगळूर परिसरातील मोठ्या जमीन-व्यवहारांना झाला. ही टीका सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु जो प्रश्न समाधानाच्या प्रश्नावलीत कधीच येत नाही, तो तिने विचारला : ह्या सातत्याचा फलभोक्ता कोण?

महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली आली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी जे करावे लागले ते ह्या विषयात फार बोधप्रद आहे. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ह्यांतील तफावती दूर करण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचनाचा कार्यक्रम घेण्यात आला. संगणकात भरलेली नोंद कागदावर उतरवून ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचावयाची आणि ऐकणाऱ्यांनी चूक सांगावयाची, अशी ही रीत होती. अत्याधुनिक नोंदीला प्रामाण्य मिळण्यासाठी तिला एकदा गावाच्या कानांवरून जावे लागले. नावातील एक वेलांटी, वारसांतील एक गळलेली बहीण, क्षेत्रातील एक चुकलेला अंक ह्यांची माहिती यंत्राला नसते. ती शेजाऱ्याला असते.

ह्या चुका किरकोळ नव्हेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार-अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीरपणे येईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चूक भरणाऱ्याची असली तरी ती खोडून काढण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर पडतो. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. पण दुरुस्ती मागण्यासाठी आधी चूक कळावी लागते, आणि अर्ज, फेऱ्या व कालहरण सोसावे लागते. पीककर्जाचा हंगाम कोणासाठी थांबत नाही; दुरुस्तीचा आदेश उशिरा आला तर त्या हंगामापुरता तो व्यर्थ ठरू शकतो. अशा माणसाने त्या हंगामात तीन वेळा उतारा काढला असेल, तर वापराच्या आकडेवारीत त्याची तीन वेळा गणना होईल. त्याची अडचण सातत्याचा पुरावा म्हणून मोजली जाईल.

सातत्याच्या प्रचलित उपपत्तींविरुद्धचा खरा आक्षेप येथे आहे. (आ) ह्या वाक्यात घडलेला वापर त्या (अ) ह्या वाक्यात लिहितात. 'कार्यालयाला वापरावे लागते' आणि 'शेतकऱ्याला काढावा लागतो' ह्यांचे भाषांतर 'वापरत राहतात' असे होते, आणि त्या भाषांतरावर पुढील धोरण ठरते. तंत्र चालू आहे म्हणून ते चांगले आहे, आणि ते चांगले आहे म्हणून जुने दप्तर ठेवण्याचे कारण उरले नाही, अशी अनुमानांची साखळी तयार होते. तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सक्तीने वापर सुरू झाला तरी माणसे तंत्राला आडवाटेने निष्प्रभ करू शकतात. समांतर वह्या ठेवतात, माहिती उशिरा भरतात, नावापुरती भरतात. म्हणून व्यक्तीचे समाधान शेवटी निर्णायक ठरतेच. हा आक्षेप सबळ आहे. ब्रिटनमधील स्थानिक शासनसंस्थांच्या अभ्यासातून हेदर कॅम्बेल व इयान मॅसर ह्यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, भू-माहिती प्रणाली बसविणे आणि तिचा परिणामकारक उपयोग होणे ह्यांत मोठे अंतर असते व ते अंतर तंत्रापेक्षा संस्थांतर्गत परिस्थितीवर अवलंबून असते. मात्र ह्यातून निघतो तो असा की, सातत्याची परीक्षा वापराच्या संख्येवरून न करता नोंदीच्या ताजेपणावरून करावी. उतारे किती निघाले ह्यापेक्षा फेरफार किती दिवसांत नोंदला गेला आणि दुरुस्ती किती दिवसांत झाली, हे आकडे संस्थेच्या निष्ठेचे अधिक खरे साक्षीदार आहेत.

दुसरा आक्षेप असा की, नोंदीवर एवढा भर दिल्यास नव्या तंत्राचा स्वतःचा असा काही प्रभाव उरत नाही. हे मात्र बरोबर नाही. तंत्र नोंदीला घर देताना तिचे रूपही ठरविते. प्रिंगलच्या पद्धतीत शेत हे निव्वळ उत्पन्नाचे एकक होते, विंगेटच्या पद्धतीत ते क्रमांकित क्षेत्र झाले, संगणकात ते एक बंदिस्त बहुकोन झाले. वहिवाटीची पायवाट, सामाईक विहिरीतील हिस्सा, बांधावरच्या झाडाचा हक्क ह्यांपैकी जे रकान्यात बसते ते टिकते. जे बसत नाही ते माणसांच्या आठवणीवर सोपविले जाते. म्हणून तंत्राच्या सातत्याचा अभ्यास हा त्याने काय गाळले ह्याचाही अभ्यास असला पाहिजे.

ह्या विचाराची पुढील परीक्षा गावठाणात होणार आहे. पूर्वीच्या भूमापनाचे लक्ष साऱ्याच्या जमिनीवर होते. त्यामुळे बहुतेक गावठाणांत घरनिहाय मोजणी झालीच नव्हती. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साह्याने गावठाण-मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. येथे परिस्थिती अपूर्व आहे. शेताच्या बाबतीत नव्या तंत्राला जुन्या नोंदीचा वारसा मिळाला होता; गावठाणात अनेक ठिकाणी मिळकत पत्रिका हीच घराची पहिली नोंद असेल. तेथे टिपण नाही, फाळणी नाही, मागे वळून पाहण्यास प्रमाण नाही. ड्रोनने टिपलेली भिंत तेवढी आहे, आणि ती कोणाची हे सांगणारी माणसे आहेत.

तेथील सातत्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली अवश्य न्यावी. पण तिच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. ही प्रणाली उद्या बंद पडली तर कोणाकोणाचे काम अडेल? घराची वाटणी किंवा विक्री झाल्यावर नोंद बदलण्याचे काम कोणाकडे आहे, आणि त्याला त्यासाठी वेळ व वेतन मिळते काय? चूक झाली तर ती कोठे सांगावयाची हे गावातील सर्वांत अशिक्षित माणसाला ठाऊक आहे काय? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून तंत्र टिकेल की नाही हे कळेल, दुसऱ्यातून ते खरे राहील की नाही हे कळेल, आणि तिसऱ्यातून त्याचे टिकणे इष्ट आहे की नाही हे ठरेल. समाधानाचा प्रश्न त्यानंतर विचारावा. आणि विचारताना 'वापरत राहता काय' व 'वापरावे लागते काय' हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत.